पोटहिस्सा

"आत जाऊन आलीस का?"

एवढंच साधं वाक्य. पण आजही ऑफिसात कुणाच्या तोंडून चुकून निघालं की माझं डोकं फिरतं. नव्या पोरांना कळत नाही की मॅडम एकदम अशा का खेकसल्या. त्यांना काय सांगू? सहा जणांच्या ऑफिसात एक माणूस होता, दिवसातून दहा वेळा हेच विचारायचा, आणि त्यानं विचारलं की बरं वाटायचं, हे आता सांगायलाही जिवावर येतं.

हजेरीवर त्यांचं नाव विलास होतं. त्या नावानं त्यांना फक्त बँकेची माणसं हाक मारत. बाकी सगळ्यांचे ते तात्या. वय काही फार नव्हतं, पण माणूस कळंबचा, बोलणं वडीलधाऱ्यासारखं, आणि कानावर केस पांढरे झालेले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात बडीशेपेची डबी. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला काढायचे आणि टेबलाखाली जोडीनं, टाचेला टाच लावून ठेवायचे. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तात्या, देवाचं हाय का काय हे?" तर म्हणाले, "देवाचं न्हाय गं पोरी. पण अनवानी बसलं की मानूस घाई करत न्हाय. उठून पळाया आधी चपला हुडकाव्या लागत्यात."

आमचं ऑफिस बारामतीच्या एमआयडीसीत, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. शेतकरी दूध घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, फॅट बघतात, पावती निघते. ते सगळं चालवणारा प्रोग्रॅम आमचा. मी इंदापूर तालुक्यातल्या बावड्याची. अब्बांचं तिथं भांड्यांचं दुकान आहे. मुलाण्यांची पोरगी कॉम्प्युटरवर काय करते, हे गावाला अजून नीट सांगता येत नाही. "दुधाचं करते" म्हणून अम्मी विषय संपवते.

पहिल्या दिवशी मी ऑफिसचा सगळा कोड माझ्या मशिनवर उतरवून घेतला. उघडून बघते तर 'पावती' नावाचं फोल्डर रिकामं. नाव आहे, आत काहीच नाही. वाटलं, आल्या आल्या काहीतरी पुसून बसले. तात्या मागून आले, वाकून बघितलं आणि असे हसले की खालच्या दुकानातला माणूस वर डोकावला.

"आगं, कायबी गेल्यालं न्हाय. त्यो पोटहिस्सा हाय. पोटहिस्सा आपनहून येत न्हाय, त्याला निराळं बोलवाया लागतं."

पोटहिस्सा हा शब्द सातबाऱ्यावरचा. एका गटाचे तुकडे पडले की त्या तुकड्यांना म्हणतात. आमच्या धंद्यात कोडच्या साठ्याला रेपो म्हणतात, आणि एका मोठ्या रेपोच्या पोटात दुसरा छोटा रेपो ठेवतात. पुण्यामुंबईची पोरं त्याला सबमॉड्यूल म्हणतात. आमच्याकडे तात्यांमुळे सगळे पोटहिस्साच म्हणायचे, अगदी मालकसुद्धा.

त्याची गंमत अशी, की मोठ्या रेपोला छोट्याच्या आतलं काहीच माहीत नसतं. त्याच्याकडे दोनच गोष्टी. एक पत्ता, छोटा कुठं राहतो त्याचा. आणि एक खूण, त्याच्या कोणत्या टप्प्यावर उभं राहायचं त्याची. छोटा कितीही पुढे गेला तरी ही खूण जागची हलत नाही. कुणीतरी आत जायचं, नवं आणायचं, बाहेर यायचं, आणि बाहेरची खूण हातानं पुढे सरकवायची. हे विसरलं की आत नवं, बाहेर जुनं, आणि मग दिवसभर डोकं धरून बसा. म्हणून तात्यांचा तो प्रश्न. आत जाऊन आलीस का? आलीस ना? मग खूण हलव.

सगळे पोटहिस्से एका फटक्यात ताजे करायची आज्ञाही असते. तात्या ती वापरू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "परतेकाच्या घरी जाऊन यावं. वेशीवरनं हाळी देऊन कुनाचं बरं-वाईट कळत न्हाय." एकेका पोटहिस्स्यात स्वतः शिरायचे, काय बदललंय ते वाचायचे, बडीशेप चघळत मान हलवायचे. मग डाळिंब सोलायला घ्यायचे. मोसमात त्यांच्या पिशवीत नेहमी डाळिंबं. दाणे एका वाटीत, वाटी मधल्या टेबलावर, आणि ज्यानं खूण हलवली त्यानं आधी मूठ भरायची असा कायदा. सचिनला बिचाऱ्याला कायम शेवटी मिळायचे. सचिन आमचा महाआळशी. त्याच्या मशिनवरचे पोटहिस्से कायम मागच्या सालातले. "सचिनराव, तुमच्या घड्याळात अजून दिवाळी चालू हाय का?" असं तात्या म्हणायचे आणि आम्ही फिदीफिदी हसायचो.

एकदा खुद्द तात्या चुकले. आतलं काम स्वतःच्याच लॅपटॉपवर राहिलं, ते सगळ्यांच्या सर्व्हरवर चढवलंच नाही, आणि बाहेरची खूण मात्र पुढे सरकवून गावाला निघून गेले. आमच्या सगळ्यांचं काम ठप्प. खूण सांगते अमक्या टप्प्यावर ये, आणि तो टप्पा जगात फक्त तात्यांच्या पिशवीत. फोन केला तेव्हा ते वालचंदनगरच्याही पुढे पोचले होते. भर उन्हात मोटरसायकल परत फिरवली. आले, चपला काढल्या, काम चढवलं आणि सगळ्यांसमोर कान धरून म्हणाले, "पत्ता वाटला आन् घर बांधलंच न्हाय. असली हरामखोरी पुन्हा माज्याकडनं झाली तर मला जोड्यानं हाना."

मी त्या दिवशी मनात म्हटलं, या माणसाच्या भरवशावर डोळे मिटून विहिरीत उडी टाकावी. विहीरच आठवली बघा.

कारण पुढे 'काटा' आला. काटा हा माझा पोटहिस्सा. केंद्रावरच्या वजनकाट्याकडून आकडा घ्यायचा आणि प्रोग्रॅमला द्यायचा, एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं, करायला जीवघेणं, कारण प्रत्येक कंपनीचा काटा वेगळ्या तोंडानं बोलतो. तात्यांनी ते काम मला दिलं तेव्हा मालक कुरकुरले होते. तात्या म्हणाले, "करील ती. न्हाय केलं तर मी करतो." मला तेवढं पुरे झालं. मी त्या कामाला जीव लावला.

काटा बसवायला मी आणि तात्या ऑफिसच्या गाडीनं लासुर्ण्याला गेलो. सकाळची वेळ, केंद्रावर ही गर्दी. एका बाईंनी बादली काट्यावर ठेवली आणि माझ्या प्रोग्रॅमनं क्षणात आकडा उचलला. मी खूष. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि अशा कडाडल्या!

"आवो बाई, दूध हलतंय अजून! आत्ताच आकडा कशापाई मांडता? आमचं उनं धरता व्हय?"

खरंच होतं त्यांचं. बादली ठेवली की आतलं दूध डचमळतं, काटा वर-खाली होतो, आणि त्या घाईत कुणाचं तरी थोडं कमी लागतं. रोज थोडं. मी तिथंच पायरीवर बसून बदल केला, काटा स्थिर होईपर्यंत प्रोग्रॅम थांबेल असा. थांबलेला असताना पडद्यावर काहीतरी दाखवायला हवं, म्हणून त्या बाईंचंच वाक्य टाकलं. "काटा थांबू द्या. दुध हलतंय." बाईंनी पोरीकडून वाचून घेतलं आणि पदरानं तोंड झाकून हसल्या.

तात्यांनी वाचलं आणि म्हणाले, "पोरी, दूध दीर्घ. दू. हे पानी घातल्यालं दुध झालं."

मी दुरुस्त करायला गेले तर माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. कामात चूक न्हाय ना? मग अक्षरात असू दे. तुजी खून हाय ती. हज्जार ठिकानी हे गेलं तरी मला लांबनं कळंल, हे आमच्या रेश्माचं."

आता सांगा. असं बोलणाऱ्या माणसावर कुणी संशय घेईल?

परतताना त्यांनी गाडी कळंबच्या वाटेला वळवली आणि एका बांधावर उभी केली. समोर उसात एक विहीर दिसत होती, चांगली बांधीव. म्हणाले, ही आमची विहीर. त्यांचे वडील आणि चुलते, दोघांनी मिळून खोदलेली. तात्या तेव्हा लहान होते, पण त्यांनीही टोपल्या वाहिल्या होत्या. पुढे वाटणी झाली आणि विहीर चुलत्याच्या गटात गेली. पाणी दोघांनी घ्यायचं असं तोंडी ठरलं. घरातल्या घरात कागद कसला करायचा? काही वर्षं नीट गेली. मग चुलत्याच्या मुलानं एका सकाळी मोटरच्या पेटीला कुलूप घातलं. तात्यांचे वडील भांडायला गेले, म्हणाले, आरं आमी हातानं खोदली. तर तो पुतण्या काय म्हणाला?

"खोदली सगळ्यांनी आसंल. गट माजा हाय."

तात्या विहिरीकडे बघत म्हणाले, "घरच्या मानसाला उतारा कोन मागतंय, रेश्मा? माज्या बापानं न्हाय मागितला. त्येची डाळिंबीची बाग डोळ्यांदेखत वाळली." मग डोळे पुसले, बडीशेप तोंडात टाकली आणि गाडी बारामतीच्या रस्त्याला घातली. मला त्यांच्या त्या चुलतभावाचा असा राग आला होता की समोर असता तर तोंडावर थुंकले असते.

काट्याचं काम सुरू झालं तेव्हाच तात्यांनी त्याचा रेपो उघडून दिला होता. लासुर्ण्याहून आल्यावर काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पत्ता कोड ठेवायच्या ऑफिसच्या खात्यावरचा नाही, तात्यांच्या स्वतःच्या खात्यावरचा आहे. मी सहज विचारलं, "तात्या, हा पोटहिस्सा तुमच्या नावावर कसा काय?"

"ऑफिसच्या खात्याचा पासवर्ड मालकाकडं, आन् मालक पुन्याला. तात्पुरता ठेवलाय. फिरवू की उद्या." मग हसून, "का गं? माज्याकडं उतारा मागतीस व्हय?"

मी लाजेनं मेले. जीभ चावली. त्या बांधावर उभं राहून ज्याचे डोळे पुसलेले बघितले त्यालाच मी असं विचारावं? तो उद्या कधी उगवला नाही, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढचं सगळं वर्ष काटा वाढत गेला. नवे काटे, फॅटच्या मशिनची जोडणी, लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेलं वजन परत उचलणं. आत मी लिहायचे आणि बाहेरची खूण तात्या हलवायचे. बाकीच्यांनी आत जाणंच सोडलं. तात्या आहेत की! आम्हाला वळणच तसं लागलं होतं.

एक दिवस मालकांनी मला नवा लॅपटॉप दिला. मी सगळं उतरवून घ्यायला बसले तर तात्या म्हणाले, "बाहेरचं तेवढं घे. काटा आत्ता उतरवू नगं. मी आत जरा झाडलोट करतोय, अर्धवट येईल; बाकीच्यांनाबी आपापला काटा पुसाया सांगितलाय. मी सांगतो तवा घे. आन् जुना दे हिकडं, नव्या पोराला द्यायचाय, पुसून देतो." मी दिला. पिशवीसकट दिला. माझ्या नव्या मशिनवर 'काटा' नावाचं फोल्डर होतं आणि आत काहीच नव्हतं, अगदी पहिल्या दिवशीच्या पावतीसारखं. या वेळी मी घाबरले-बिबरले नाही. तात्या सांगतील तेव्हा घ्यायचं.

मग तात्या भाचीच्या लग्नासाठी म्हणून रजेवर गेले. जाताना मला म्हणाले, "येतो गं. डब्यातली बडीशेप संपवू नगं."

लासुर्ण्याच्या केंद्रावर नवे काटे आले होते, त्यांच्यासाठी प्रोग्रॅम नव्यानं बांधून द्यायचा होता. आमचं बांधणीचं मशिन दर वेळी सगळं पहिल्यापासून उतरवून घेतं. तीही तात्यांचीच शिस्त. त्या सकाळी मशिननं लाल अक्षरात सांगितलं, काटा सापडत नाही. मी म्हटलं इंटरनेट गेलं असेल. पुन्हा केलं. पत्ता तोच, पण त्या पत्त्यावर आता कुणी राहतच नव्हतं.

फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला, वाटच बघत असल्यासारखा.

"तात्या, काटा दिसत नाही. तुमच्या खात्यावर काही झालंय का बघा ना."

"झालं कायबी न्हाय. माजं मी नेलं."

मला खरंच कळलं नाही. मी म्हटलं, "कुठं नेलं?"

"दुसरीकडं काम धरलंय, रेश्मामॅडम. मालकानं भागीदारी देतो म्हनून किती वर्सं झुलवलं ते तुमाला ठावं न्हाय."

ते मला एरवी कधी मॅडम म्हणायचे नाहीत. मी ओरडले. खालच्या दुकानापर्यंत आवाज गेला म्हणतात. "तुमचं आणि मालकांचं तुम्ही बघा! आतलं काम माझं होतं तात्या! अक्षर न् अक्षर माझं!"

मग ते म्हणाले, "काम तुजं आसंल. गट माजा हाय."

आणि फोन ठेवला. बोलून झाल्यावर ते शब्द त्यांच्याच कानावर पडले असतील का, त्यांना तो बांध आठवला असेल का, मी फार विचार केला. मग म्हटलं, आठवला असेल तर उलट जास्तच वाईट.

मालक पुण्याहून धावत आले. सगळ्यांना उभं केलं आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू तर त्याची पट्टशिष्या. तुला काहीच माहीत नव्हतं? आणि जुना लॅपटॉप बरोबर त्याच वेळी तूच त्याच्या हातात दिलास?" सगळं ऑफिस माझ्याकडे बघत होतं. चोर तो, आणि बोट माझ्याकडे. काम तर गेलंच होतं, आता नावही जायची वेळ आली. मी काय पुरावा देणार होते? मालक वकिलाकडे जाऊन आले. वकील म्हणाला, पोटहिस्सा तुमचा असल्याचा कागद दाखवा. कागद होता कुठं?

तेव्हा कोपऱ्यातून सचिन घसा खाकरून म्हणाला, "माझ्याकडं हाय जुना. मी ताजा केलाच नव्हता, आन् पुसायचाबी राहिला."

ज्याला आम्ही वर्षभर हसलो त्याच्या मशिनवर काटा निघाला. वर्षभर शिळा, लासुर्ण्याला जायच्या आधीचा, पण निघाला. आणि प्रत्येक बदलावर माझं नाव. मालकांनी ते उभ्यानं वाचलं आणि दुपारी स्वतः चहा आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी घेतला नाही.

मधलं वर्ष मी आठवून आठवून परत लिहिलं. लासुर्ण्याच्या बाईंचं वाक्यही गेलं होतं, ते टाकताना बोटं थबकली. दूध कसं लिहितात ते आता मला चांगलं ठाऊक होतं. तरी मुद्दाम ऱ्हस्व लिहिलं. माझी खूण आहे ती, म्हटलं. तात्यांनी दिलेली असली म्हणून काय झालं? पोटहिस्सा ऑफिसच्या नावावर केला, आणि मालकांकडून लिहून घेतलं की आतलं काम कुणाचं. हसू देत हसायचं त्यांना. मी आता घरच्या माणसालाही उतारा मागते. अब्बांनासुद्धा विचारलं परवा, दुकान कुणाच्या नावावर आहे.

तात्यांना मी त्यानंतर एकदाच बघितलं. गेल्या हिवाळ्यात बारामतीबाहेरच्या मैदानावर शेतीचं प्रदर्शन होतं. दूधवाल्यांच्या मांडवात फिरताना ओळखीचा आवाज आला. "घाई करू नका पाव्हनं, त्येला थांबू द्या जरा." एका नव्या कंपनीचा स्टॉल. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्या. टेबलावर वाटीत डाळिंबाचे दाणे. टेबलाखाली चपला, टाचेला टाच लावून. खोटं कशाला बोलू, पाहिल्याबरोबर पहिल्यांदा मला बरंच वाटलं. मेलं मन!

त्यांनी पाहुण्यांना दाखवायला पाण्याची बादली काट्यावर ठेवली. पाणी डचमळलं. वर मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली. माझंच वाक्य. मी गर्दीत पुढे घुसले. का ते सांगते. मला ते ऱ्हस्व दुध बघायचं होतं. वाटलं, सगळं नेलं असेल, पण ती खूण तेवढी त्यांनी ठेवली असेल. लांबनं कळंल म्हणाले होते ना.

"काटा थांबू द्या. दूध हलतंय."

दू दीर्घ होता.

तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. बडीशेप चघळणारं तोंड थांबलं. "रेश्मा," म्हणाले, "बरी हायस का गं पोरी?"

मी पडद्याकडे बोट केलं. म्हटलं, "तात्या, आत जाऊन आलात की."

त्यांनी वर बघितलं, वाचलं, आणि त्यांची मान खाली गेली. पाहुणे काहीतरी विचारत होते, त्यांना ते ऐकू आलं नाही. टेबलाखाली त्यांचा एक पाय चपला शोधत होता. चपला तिथंच होत्या, जोडीनं ठेवलेल्या, पण त्यांना काही केल्या सापडेनात.